बसून पगार

मागच्या रविवारी सलूनमध्ये मी हसलो, आणि तेव्हापासून ते हसणं काही मला सोडेना. गोष्ट एवढीशीच. सकाळचे साडेनऊ, रविवार म्हणल्यावर गर्दी, साताऱ्यात गोडोलीतलं आमच्या आप्पाचं दोन खुर्च्यांचं दुकान, बाकड्यावर चौघंजण नंबर लावून बसलेले, ओल्या फिटकरीचा आणि त्या गुलाबी पावडरीचा मिळून एक वास, जो माझ्या डोक्यात लहानपणापासून 'उद्या शाळा' असाच बसलाय. वर कोपऱ्यात टीव्ही, आवाज बंद, शिक्षकांच्या कसल्याशा मोर्चाची बातमी आणि खाली पळणारी पट्टी. बाकड्यावरच्या एकानं ती पट्टी वाचली न् म्हणाला, "ह्यांचं बरं हाय बगा. कोरोनात दोन वर्ष घरात बसून पगार खाल्ला, आता परत मोर्चा." आप्पा कात्री न थांबवता म्हणाला, "आन् आमच्या वस्तऱ्याला गंज चढला." सगळे हसले. मीही हसलो. कसनुसं वगैरे नाही, चांगलं आवाज करून हसलो, गळ्याभोवतीचं कापड हललं आणि त्यावरचे केस मांडीवर घरंगळले.

माझी बायको बावीस वर्षं शिक्षिका आहे.

आप्पाला हे माहीत आहे. वाक्य तोंडातून गेल्यावर त्याचं त्याला आठवलं असावं, कारण आरशात त्याची नजर माझ्याकडे आली, आणि मी हसतोय म्हणल्यावर तो सुटल्यासारखा परत कानाच्या कडेला लागला. म्हणजे मी त्याच्यासाठी हसलो असं म्हणता येईल. पण खरं सांगायचं तर नजर नंतर आली, हसू आधी आलं. घरी आलो तर ही डायनिंग टेबलवर घटक चाचणीचे पेपर मांडून बसलेली, एका हातात लाल पेन, दुसऱ्या हातानं मधेच मटकी निवडणं चाललेलं. "झाली का कटिंग?" म्हणाली, मान वर न करता. झाली म्हणलं, आणि आंघोळीला गेलो. अंगावर पाणी घेताना मानेवरचे बारीक केस टोचत होते आणि ते वाक्य पण.

आता एवढ्या जुन्या गोष्टीचं काय घेऊन बसायचं, असं मी मलाच दोनतीनदा म्हणून बघितलं. लोक विसरलेत, सॅनिटायझरच्या बाटल्यांत आता लोक झाडाला मारायचं औषध भरतात. पण 'घरात बसून' हे दोन शब्द कुणी म्हणलं की माझ्यासमोर घर येतं ना, आमचं घर, त्याला मी काय करू.

सगळं सुरू झालं ते भूगोलाच्या पेपरपासून. दहावीचा शेवटचा पेपर, २३ मार्च २०२०, सोमवार. तो आधी पुढं ढकलला आणि एप्रिलमध्ये रद्दच केला, बाकीच्या विषयांवरून सरासरी मार्क दिले. हिच्या शाळेत भूगोलाचे एक सर होते, कोरेगाव तालुक्यातलं ते गाव, साताऱ्यापासून वीसेक किलोमीटर, एका बाजूला आल्याची शेतं आणि दुसऱ्या बाजूला ऊस. सरांनी स्टाफच्या ग्रुपवर टाकलं होतं, "आख्ख्या बोर्डात पहिला बाधित विषय माझा निघाला." आम्ही घरात पोट धरून हसलो होतो. त्याच आठवड्यात तिकडं इस्लामपुरात सौदीहून आलेल्या एकाच घरातले चौघं पॉझिटिव्ह निघाले होते आणि बघता बघता आकडा विसाच्या वर गेला होता, तरी आम्हाला हसायला येत होतं. इस्लामपूर म्हणजे सांगली जिल्हा, आपल्याकडं नाही, असं कायतरी डोक्यात. पेठनाक्यावरून हायवेनं दीड तास पण लागत नाही, पण माणसाला जिल्ह्याची हद्द म्हणजे भिंतच वाटते.

मे महिन्यात सरांना शिरवळला नीरेच्या पुलावर ड्युटी लागली. चेकपोस्ट. पुण्या-मुंबईहून येणाऱ्या गाड्यांचे पास बघायचे, नावं लिहायची, हातावर शिक्का. जावळी-पाटणची निम्मी माणसं मुंबईत माथाडी नाहीतर हॉटेलात, ती सगळी एकदम गावाकडं निघालेली, कुणी टेम्पोत, कुणी मोटरसायकलवर पोराला टाकीवर बसवून. सर भूगोल शिकवायचे तेव्हा स्थलांतर हा धडा दोन तासिकांत उरकायचे म्हणे, आता रात्री दोन वाजता टॉर्च मारून तोच धडा बघत होते. आणि ही माणसं गावात आल्यावर ठेवायची कुठं, तर शाळेत. हिच्या शाळेतल्या सहा वर्गखोल्या विलगीकरणात गेल्या. कुणीतरी तिथला फोटो पाठवला होता, तो अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे. नववी अ चा वर्ग. बाकं एकाला एक जोडून पलंग केलेला, त्यावर वाकळ, खिडकीच्या गजाला टॉवेल आणि परकर वाळत घातलेला, आणि मागं फळ्यावर मार्चमधला सुविचार, हिच्याच अक्षरात, तसाच. कोपऱ्यात तारीख. पट ४८, हजर ४१. एवढ्या माणसांतून कुणाला तो फळा पुसावासा वाटला नाही, ह्याचं मला आजही नवल वाटतं.

जूनमध्ये शाळा सुरू झाली, म्हणजे मोबाइलवर. 'शाळा बंद पण शिक्षण सुरू' हे तेव्हाचं सरकारी वाक्य, आणि आमच्या घरात ते अक्षरशः खरं होतं, एका भिंतीच्या दोन बाजूंना. आतल्या खोलीत पोरगं नववीचं, पांघरुणात, कॅमेरा बंद करून 'प्रेझेंट मॅम' म्हणायचं आणि कूस बदलायचं. बाहेर स्वैपाकघराच्या ओट्यावर ही गणित शिकवायची. फळा नाही. मग मागच्या वर्षीच्या कॅलेंडरची पानं उलटी करून भिंतीला चिकटवली. मोबाइल धरायला स्टँड नाही, तर तूरडाळीचा मोठा स्टीलचा डबा, त्यावर पोह्याचा डबा, त्यावर मोबाइल तिरका, घसरू नये म्हणून मागं मिठाची बरणी. समीकरण सोडवताना मधेच भाजीला फोडणी द्यायची वेळ झाली की आई तिथं यायची, आणि मोहरी तडतडली की पलीकडून एखादं पोरगं विचारायचं, "मॅडम, पाऊस पडतोय का तुमच्याकडं?" अठ्ठेचाळीस पोरांतली पंधरा-सोळा यायची. बाकीच्यांच्या घरात मोबाइल एकच, तो बापाबरोबर रानात. दूरदर्शनवर टिलीमिली हा अभ्यासाचा कार्यक्रम लागायचा तो आठवीपर्यंतच्या पोरांसाठी, नववीला तेही नाही. ही रोज दुपारी बाकीच्यांना फोन लावत बसायची. एकाला, दोनाला, 'मॅडम रेंज नाही' ऐकायची, परत लावायची. मी बँकेतून साडेसहाला यायचो तेव्हा तिचा आवाज बसलेला असायचा.

मी बँकेत जात होतो हे सांगायला पाहिजे, कारण पुढच्या सगळ्या भांडणाचं मूळ तिथं आहे. आम्ही अत्यावश्यक सेवेत. पहिल्या दिवसापासून काउंटरवर. समोर प्लॅस्टिकचा पडदा, हातात ग्लोव्हज, नोटा मोजायला ओला स्पंज ठेवायचा नाही म्हणून सांगितलेलं, आणि सवयीनं बोट तोंडाकडं गेलं की पोटात गोळा. त्यामुळं मनात एक कुठंतरी होतंच, आम्ही जातोय की रोज. मग मास्तर लोकांना काय होतंय. हे मी कधी तोंडानं बोललो नव्हतो. पण बायकोला ते कळत असतं, बोलायची गरज नसते.

ऑगस्टमध्ये एक दिवस ती स्कूटर काढून गावात गेली. कुणी सांगितलं नव्हतं. नववीतली एक मुलगी, गणितात पहिल्या पाचातली, जूनपासून एकदाही ऑनलाइन आली नव्हती आणि फोन लावला की भाऊ उचलून ठेवून द्यायचा. ही घरी गेली. आईनं चहा केला, गूळ घातलेला, बशीत बिस्किटं मांडली, आणि मग सांगितलं की तिचं लग्न करून दिलं. जुलैमध्येच. पन्नास माणसांत उरकलं, मांडवाचा खर्च नाही, जेवणावळ नाही, पावणे चांगले भेटले. "शाळा चालू असती तर थांबलो असतो मॅडम," म्हणाली ती बाई, आणि हिच्याकडं अशी बघत होती की जणू शाळा हिनंच बंद केलीय. ती परत आली तेव्हा पावसानं भिजली होती, रेनकोट डिकीत तसाच. रात्री जेवताना म्हणाली, "शाळा उघडली पाहिजे." नुसती एवढंच. आणि भातावर ताक घेतलं.

तर शाळा उघडा म्हणणारी आमच्या घरातली पहिली व्यक्ती म्हणजे हीच. हे त्या बाकड्यावरच्या माणसाला कोण सांगणार.

दिवाळी झाली आणि ठरलं, २३ नोव्हेंबरपासून नववी ते बारावी सुरू. शिक्षणमंत्री वर्षा गायकवाड यांनी जाहीर केलं, पण शेवटचा निर्णय जिल्ह्यानं आपापला घ्यायचा, पालकांचं संमतीपत्र पाहिजे, शिक्षकांची आधी आरटीपीसीआर पाहिजे. मुंबईनं लगेच पुढं ढकललं. झालं, सगळीकडं तोच विषय. संघटना म्हणत होत्या सॅनिटायझरचे, थर्मल गनचे पैसे कोण देणार, आम्हाला विमा आहे का, दिवाळीची गर्दी बघता चार आठवडे थांबा. पालक म्हणत होते पोरं हाताबाहेर चाललीत. आणि दोन्ही बाजूंना व्हॉट्सॲप. माझ्या पोराच्या शाळेच्या पालक ग्रुपवर एका रात्री दोनशे मेसेज पडले. मीही टाकला. शब्दशः असा होता, मी परवा शोधून काढला: "बँका चालू, दुकानं चालू, एसट्या चालू, मग शाळाच का बंद? शिक्षकांनी आता जबाबदारी घ्यायला हवी." खाली अकरा अंगठे आले. बरं वाटलं होतं.

त्याच रात्री, म्हणजे अंगठे मोजून झाल्यावर अर्ध्या तासानं, मी हिला म्हणलं, "तू मेडिकल टाक महिनाभर. आईला शुगर आहे, चौऱ्याहत्तर वय, उगं कशाला. बघू पुढचं पुढं." ती कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं पोराचा टी-शर्ट घडी करून ठेवला, दुसरा घेतला आणि म्हणाली, "आणि ह्याला शिकवायला कोण येणार? त्याच्या मॅडमला नवरा नाही का?"

तिनं ग्रुप बघितला होता. पोराचा मोबाइल तीच चार्जिंगला लावायची.

मला शाळा उघडायला हवी होती, फक्त हिची सोडून. हे एवढं सरळ आहे की लिहिताना पण हात अडतोय. मी काही एकटा नव्हतो म्हणा. तेव्हा टीव्हीवर बसून जे तावातावानं बोलत होते त्यातल्या बऱ्याच जणांना दुसऱ्याची पोरं शाळेत आणि स्वतःची घरात, नाहीतर ह्याच्या उलट, असंच कायतरी हवं असणार. पण त्यानं माझं काही कमी होत नाही. आम्ही दोन दिवस बोललो नाही. तिसऱ्या दिवशी ती स्वॅब द्यायला गेली.

ग्रामीण रुग्णालयाच्या आवारात नुसते मास्तर. पिंपळाखाली चपलांच्या जागी चुन्याचे गोल, प्रत्येक गोलात एक. तिथं म्हणे सगळ्यांना आपण शाळेतली पोरं झाल्यासारखं वाटत होतं, रांग मोडली की शिपाई ओरडत होता. नाकात काडी गेली की माणूस मोठा असो बारका असो, डोळ्यातनं पाणी येतंच, आणि एक मुख्याध्यापक, पोरं ज्यांना टरकून असतात असे, ते बाहेर येऊन रुमालानं डोळे पुसत उभे होते ते बघून हिला हसू आवरेना. रिपोर्ट यायला चार दिवस. कितीतरी शाळांचे रिपोर्ट २३ तारखेपर्यंत आलेच नाहीत. हिच्या शाळेत चौदा जणांतला एक निघाला, तो पण शिपाईमामा, ज्यांना साधी शिंक नव्हती आणि जे आठ दिवस सगळ्या वर्गांत हायपोक्लोराइट फवारत फिरत होते. पाठीवर पंप, द्राक्षबागेवर मारतात तसला.

पहिल्या दिवशी पोरं आली अकरा. एका बाकावर एक, मधलं बाक मोकळं. ही दारात थर्मल गन घेऊन उभी, प्रत्येकाच्या कपाळावर रोखायची, आणि पोरांना काय, मोबाइलवर गेम खेळून आलेली, ती हात वर करून शरण यायची. संध्याकाळी घरी आली ती मागच्या दारानं. तिथं बादली, डेटॉलचं पाणी, साडी तिथंच भिजवायची, आंघोळ करून मगच आत. आईच्या खोलीच्या दाराला मी खुर्ची आडवी लावली होती. आई आतून बघायची. तिला तिच्या सासूनं सांगितलेलं आठवायचं, प्लेगात गाव कसं रानात जाऊन राहिलं होतं, झोपड्या घालून, घरात उंदीर मेला की घर सोडायचं. "तवा साळा कुठं हुत्या म्हणा," असं म्हणायची, आणि जरा थांबून, "हुती एक मास्तरीण." ती एक म्हणजे सावित्रीबाई. नायगावच्या, आपल्या खंडाळा तालुक्यातल्या, १८९७ साली पुण्यात प्लेगच्या रोग्यांचं करता करता त्यांनाच प्लेग झाला आणि १० मार्चला गेल्या. प्लेग लागलेल्या पोराला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं होतं. हे आपल्याकडं पहिलीच्या पोरालाही पाठ असतं. जानेवारीत जयंतीच्या कार्यक्रमाला, मास्क लावलेल्या वीसेक पोरांसमोर एका मुलीनं हे सगळं तालासुरात म्हणून दाखवलं, तेव्हा भूगोलाचे सर हिच्या कानाशी म्हणाले होते, "बघा मॅडम, आपल्या खात्याची परंपरा." ही रागावली होती त्यांच्यावर. भाषणात सावित्रीबाईंचं मरण सांगणं सोपं असतं, समोर बसलेल्या मास्तरांकडून तेच हळूच मागून घेणं त्याहून सोपं. मी माझ्या मेसेजमध्ये 'जबाबदारी' लिहिलं होतं ते ह्याच जातीचं.

२७ जानेवारीला पाचवी ते आठवी पण आली, महिना गेला नाही तोच सगळं परत बंद व्हायला लागलं. मग एप्रिल. त्या एप्रिलबद्दल फार लिहीत नाही, साताऱ्यात ज्यांनी तो काढलाय त्यांना ॲम्ब्युलन्सचा आवाज अजून ओळखता येतो आणि ज्यांनी नाही काढला त्यांना सांगून कळायचं नाही. शिक्षकांना गावातल्या बाधितांच्या घरांचा सर्व्हे दिला होता. दारात उभं राहायचं, ऑक्सिमीटर बोटाला लावायचा, आकडा लिहायचा, पुढचं घर. भूगोलाचे सर एका शनिवारी सर्व्हे करून आले, सोमवारी ताप, पुढच्या सोमवारी बेड शोधताना निम्मा दिवस गेला, आणि गुरुवारी ते गेले. एकावन्न वय. सर्व्हेत लागला, का भाजी आणताना लागला, का त्यांच्या साडूच्या घरून आला, कुणाला ठरवता आलं नाही.

ठरवावं मात्र लागत होतं, कागदासाठी. ड्युटीवर असताना कोरोनानं गेलेल्या कर्मचाऱ्याच्या घरच्यांना पन्नास लाख, हा शासन निर्णय मे २०२० मधला. अट अशी की दवाखान्यात भरती व्हायच्या आधीच्या चौदा दिवसांत माणूस ड्युटीवर हजर होता ह्याचा दाखला पाहिजे. सरांच्या पत्नी कचेरीत गेल्या की पहिला प्रश्न, "आदेश आहे का?" आदेश कसला, रात्री साडेदहाला व्हॉट्सॲपवर आलेली पीडीएफ, त्यात नावांची लांबलचक यादी. ती सरांच्या मोबाइलमध्ये होती. आणि सर गेल्यावर तो मोबाइल फॉरमॅट मारून मुलीला दिलेला, तिचे बारावीचे ऑनलाइन क्लास होते म्हणून. शेवटी हिनं आपल्या मोबाइलमध्ये शोधली, कारण त्याच यादीत खाली हिचंही नाव होतं. प्रिंट काढायला मीच गेलो, राधिका रोडला, एकच झेरॉक्सचं दुकान अर्धं शटर टाकून चालू होतं. कागद यंत्रातून बाहेर येताना गरम होता. सदतीस नंबरला सर, एकेचाळीसला माझी बायको. चार ओळींचं अंतर. फाइल पुढं किती टेबलं फिरली ते त्या बाईंनाच माहीत, त्यांच्या घरचं आहे, इथं नको.

त्या दिवसांत तिकडं उत्तर प्रदेशात पंचायतीच्या निवडणुका झाल्या होत्या, आणि ड्युटीवर गेलेले शिक्षक किती दगावले ह्यावर वाद चालला होता. तिथली संघटना म्हणत होती १६२१. सरकारनं आधी सांगितलं ३. दोन्ही आकडे मी पेपरात एकाच पानावर वाचले होते आणि पहिल्यांदा मला शिरवळच्या पुलावरची ती टॉर्च आठवली होती. मरण्यासाठी सुद्धा नियमात बसावं लागतं, हे आम्हा बँकवाल्यांना तसं नवीन नाही, आम्ही रोज लोकांना एक कागद कमी आहे म्हणून परत पाठवतो.

पण मग आप्पाचं काय?

हे मला आंघोळ करताना सुचलं आणि तिथंच जास्त अडकलो. आप्पाचं दुकान मार्चात बंद झालं ते २८ जून २०२० ला उघडलं, आणि तेव्हाही नुसती कटिंग, दाढी नाही. दाढी नाही म्हणजे निम्मं उत्पन्न नाही. प्रत्येक गिऱ्हाइकाचं नाव-नंबर वहीत लिहायचं, टॉवेल कागदी, खुर्ची पुसायची दर वेळी. तीन महिन्यांचं भाडं मालकानं सोडलं नाही. सगळी दुनिया माणसापासून सहा फूट लांब पळत असताना हा माणूस लोकांच्या नाकातोंडाशी वाकून उभा होता, आणि ह्याला ना पन्नास लाखांचा शासन निर्णय, ना संघटना, ना महिन्याच्या एक तारखेला मोबाइलवर टिंग असा आवाज. आमच्या घरात ते दोन टिंग वाजत होते, माझा आणि हिचा, सगळा कोरोनाभर. कधी पाचसात दिवस उशिरा, पण वाजत होते. त्याला 'बसून पगार' म्हणायचा हक्क असेल कुणाला तर तो आप्पाला आहे. त्याचं बोलणं चुकीचं आहे, हे मला त्याला पटवून देता येईल, डाळीचा डबा, स्कूटर, सर, सगळं सांगून. पण तो खोटं बोलत नाहीये.

आणि त्याचं पोरगं. ते २०२० मध्ये पहिलीत जायचं होतं. पहिलीचं अख्खं वर्ष शाळेचं दार बघितलं नाही, दुसरीचं निम्मं तसंच, कारण पहिलीपासूनच्या शाळांना परवानगी मिळाली ती १ डिसेंबर २०२१ ला, आणि जानेवारीत परत पंधरा दिवस बंद. युनेस्कोनं मोजलं तेव्हा आपल्याकडच्या शाळा पूर्ण-अर्धवट मिळून ८२ आठवडे बंद होत्या. मधे ऑगस्ट २०२१ मध्ये उघडतो म्हणून निर्णय काढला आणि टास्क फोर्सनं नको म्हणल्यावर दोन दिवसांत मागं घेतला, शेवटी ४ ऑक्टोबर. शिक्षकांना ५ सप्टेंबरच्या आत, म्हणजे शिक्षक दिनाची भेट म्हणून, लस पूर्ण करा असं केंद्रानं सांगितलं ते त्याच ऑगस्टच्या शेवटी. म्हणजे ज्यांना पोरांत पाठवायचं त्यांना सुई टोचायचं दीड वर्षानं आठवलं, आणि जी पोरं घरात कुजत होती त्यांच्यासाठी आधी बार उघडले, मग मॉल, मग शाळा. ह्यावर ना आप्पा चिडला ना मी. आम्ही एकमेकांवर चिडलो.

पोरांना वाचता-मोजता येतं का हे तपासणाऱ्या 'असर' पाहणीचा २०२२ चा अहवाल आला तेव्हा हिनं मला तो आकडा वाचून दाखवला होता. तिसरीतली पोरं जी दुसरीचं पुस्तक वाचू शकतात, ती देशात २०१८ ला शंभरात २७.३ होती, २०२२ ला २०.५. आप्पाचं पोरगं तेव्हा बरोब्बर तिसरीत. आता सहावीत आहे, रविवारी दुकानात बापाच्या हाताखाली असतं, केस झाडतं, ब्रश धुतं. चुणचुणीत आहे, हिशोब तोंडी करतं, पाचशेची नोट दिली की बापाच्या आधी ह्याचं उत्तर तयार. त्या दिवशी पण तिथंच होतं. टीव्हीवरची पट्टी बाकड्यावरच्या माणसानं मोठ्यांदा वाचली तेव्हा हे पोरगं झाडू धरून पट्टीकडं बघत होतं, ओठ हलवत, एकेक अक्षर जुळवत, आणि शब्द पुरा होईस्तोवर पट्टी निघून जायची. दोनदा बघितलं. मग खाली मान घालून माझ्या खुर्चीखालचे केस गोळा करायला लागलं.

तेवढ्यात तो माणूस बोलला, आणि आम्ही हसलो.

परवा रात्री मी हिला सांगून टाकलं. भांडी झाली होती, ती गॅसची शेगडी पुसत होती, आणि ओट्यावर तूरडाळीचा डबा, तोच, झाकणाला मोबाइल घासून पडलेले ओरखडे अजून आहेत. सलूनमध्ये असं असं कोण म्हणालं आणि मी हसलो, म्हणलं. अमुक माणूस, आप्पा, वस्तऱ्याचा गंज, सगळं सांगितलं, पोरगं पट्टी वाचत होतं तेही सांगितलं. ती ऐकत होती का नाही कळेना, कडेचा चिकटलेला डाग नखानं काढत होती. मग म्हणाली, "कितवीत आहे म्हणालात?"

"सहावीत."

"त्याला म्हणावं रविवारी दुपारी पाठव. तासभर." फडकं पिळलं, नळावर वाळत टाकलं. मग माझ्याकडं वळून बघितलं, जवळ आली, मला वाटलं आता कायतरी बोलणार, तर हातानं माझं डोकं खिडकीकडं फिरवलं, उजेडात.

"आणि कानामागं तसेच राहिलेत बघा. बोलण्यात लक्ष होतं वाटतं तुमच्या आप्पाचं."

कात्री आणायला ती आत गेली.